नारा : मूठभर मातीचा बुद्ध

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोटारी, घड्याळे आणि वेगाने धावणाऱ्या आगगाड्या येतात. परंतु ज्या देशात सहाव्या शतकात तथागतांचा धम्म कोरियामार्गे पोहोचला आणि आजही नांदतो आहे, त्या देशाची ओळख केवळ यंत्रांवरून करून घेणे अपुरे आहे. ती करून घ्यायची असेल तर नारा ही नगरी पाहावी. मधली पाच वर्षे सोडली तर इ. स. ७१० पासून ७८४ पर्यंत हीच जपानची राजधानी होती. येथील आठ प्राचीन स्थळांना युनेस्कोने १९९८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे.

मी एक साधा कारकून. पतपेढीत चार वर्षे थोडे थोडे साठवून पत्नीसह एका सहलीबरोबर तीन दिवस नारा येथे राहिलो. परंतु प्रवासवर्णन सांगण्याआधी वाचकांना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगणे भाग आहे.

आमच्या वस्तीतील विहाराची इमारत जुनी झाली आहे. ती नव्याने बांधण्यासाठी समिती नेमली गेली आणि बी.कॉम. झालेला म्हणून खजिनदारपद माझ्याकडे आले. घरटी ठरावीक रक्कम सक्तीची करण्यात आली. बुद्धजयंतीच्या दिवशी ज्यांची रक्कम बाकी होती त्यांची नावे मी ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखविली. त्यात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका आईचे नाव होते. दर रविवारी वंदनेला ती पहिल्या रांगेत बसायची. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यानंतरच्याही आली नाही. माझा जमाखर्च पैशापर्यंत बरोबर होता. मग चुकले काय? हा प्रश्न बरोबर घेऊनच मी विमानात बसलो.

स्टेशनसमोरचा भिक्खू

ओसाकाहून रेल्वेने पाऊण तासात नारा येते. स्टेशनबाहेर आलो तर समोर कारंजे, आणि कारंज्यावर एका भिक्खूचा पुतळा. गावातली मुले-मुली एकमेकांना भेटायला याच पुतळ्यापाशी थांबतात. राजाचा नाही, सेनापतीचा नाही, एका भिक्खूचा पुतळा गावाच्या तोंडावर उभा आहे, याचे मला कुतूहल वाटले.

त्यांचे नाव ग्योकी. जन्म ६६८, मृत्यू ७४९. कोरियातून येऊन स्थायिक झालेल्या घराण्यातला हा माणूस. त्या काळी भिक्खूंनी विहारातच राहावे, राज्याच्या कल्याणासाठी सूत्रपठण करावे, लोकांत मिसळू नये, असा सरकारी दंडक होता. ग्योकी मात्र विहाराबाहेर पडले. गावोगाव फिरून उपदेश करू लागले आणि नुसता उपदेश करून थांबले नाहीत. लोकांना हाताशी धरून त्यांनी तळी खोदली, पूल बांधले, कालवे काढले, नावांचे धक्के उभारले. सक्तीच्या कामाला आणि कराचा माल डोक्यावर वाहून राजधानीत नेणारे शेतकरी परतीच्या वाटेवर उपाशी मरत असत. त्यांच्यासाठी ग्योकींनी वाटेवर निवारे बांधले.

याचे बक्षीस काय मिळाले? ७१७ साली सरकारी हुकूम निघाला. त्यात त्यांचे नाव तुच्छतेने घेऊन, हा माणूस रस्त्यावर गर्दी जमवितो व लोकांना बहकवितो, असा ठपका ठेवला गेला. गरिबांत काम करणाऱ्याला असली प्रमाणपत्रे सगळ्या देशांत मिळतात! ग्योकी थांबले नाहीत. ओसाकाजवळचे सायामा हे तळे त्यांनी ७३१ साली दुरुस्त केले. ते आजही भरलेले आहे.

मूठभर माती, काडीभर गवत

स्टेशनपासून चालत निघालो की हरणांचा बगीचा लागतो. हजाराहून अधिक हरणे मोकळी फिरतात आणि खाऊसाठी मान लववितात. आमच्यातील एक उपासक आनंदाने म्हणाले, "हे तर सारनाथचे मृगदाव!" वाटाड्याने नम्रपणे दुरुस्ती केली की ही हरणे शेजारच्या कासुगा देवस्थानाच्या देवाचे दूत मानली जातात. त्याविषयी पुढे सांगतो.

बगीच्यापलीकडे तोदाइजी हे महाविहार. त्याच्या दक्षिण महाद्वारात लाकडात कोरलेले आठ मीटरहून उंच दोन द्वारपाल उभे आहेत. उन्केई, काइकेई आणि त्यांच्या साथीदार शिल्पकारांनी १२०३ साली अवघ्या ६९ दिवसांत ते घडविले. द्वार ओलांडून पुढे गेलो की समोर महाबुद्धाचे प्रचंड लाकडी सभागृह येते आणि आत सुमारे १५ मीटर उंचीची, म्हणजे पाच मजली इमारतीएवढी, काशाची बुद्धमूर्ती. येथे एक खुलासा केला पाहिजे. ही मूर्ती शाक्यमुनी गौतमांची नसून महायान परंपरेतील वैरोचन बुद्धाची आहे. परंतु आमचे हात आपोआप जोडले गेले, हेही खरे.

ही मूर्ती का उभी राहिली? ७३५ ते ७३७ या काळात जपानात देवीच्या साथीने हाहाकार उडविला होता. राज्यकारभार चालविणारे फुजिवारा घराण्यातील चौघे भाऊ ७३७ साली एकामागून एक त्या रोगाने गेले. ७४० साली बंड झाले. खचलेल्या सम्राट शोमु यांनी ७४३ साली महाबुद्ध उभारण्याचा हुकूम काढला. त्या हुकुमाचा आशय ऐकून मी जागच्या जागी थांबलो. देशाची संपत्ती व सत्ता आपल्या हाती आहे, तिच्या जोरावर मूर्ती सहज होईल, पण तशी ती होऊ नये, असे त्यात सम्राट म्हणतात. एखाद्याला काडीभर गवत किंवा मूठभर माती घेऊन या कामात सहभागी व्हावेसे वाटले तर त्याला तसे करू द्यावे. आणि पुढे अधिकाऱ्यांना ताकीद आहे की, या कामाच्या निमित्ताने लोकांना त्रास देऊ नये, सक्तीने वसुली करू नये.

वाचकहो, घरटी दर ठरविणाऱ्या खजिनदाराला हे ऐकून काय वाटले असेल!

मग सरकारला ग्योकींची आठवण झाली. ज्याच्यावर ठपका ठेवला त्याच्याशिवाय लोक येणार नाहीत, हे ओळखून सम्राटांनी त्यांनाच निधी व माणसे जमविण्याचे काम दिले. ७४५ साली त्यांना संघातील सर्वोच्च, महासंघनायकाचे पद मिळाले. या पदाचे ते जपानमधील पहिले मानकरी. ७४७ पासून मूर्तीचे ओतकाम सुरू झाले. मातीचा साचा रचत, भट्ट्या पेटवीत, खालून वर असे आठ थर ओतले गेले. सुमारे ५०० टन तांबे लागले. विहाराच्या जुन्या नोंदी २६ लाखांवर माणसांचे श्रम लागल्याचे सांगतात. ग्योकी मात्र काम पूर्ण होण्याआधीच ७४९ साली गेले.

७५२ साली मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले. मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रंगविण्याचा मान मिळाला तो भारतातून चीनमार्गे ७३६ साली जपानला आलेल्या भिक्खू बोधिसेन यांना. जन्माने ब्राह्मण असलेल्या या माणसाने जात मागे ठेवून चीवर घेतले होते. त्यांच्या हातातील कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्यांनी ते दोर धरले होते. कुंचला एकाचा, पण डोळे उघडले ते सर्वांनी. तो दोर शोसोइन या जुन्या खजिन्यात अजून जपून ठेवला आहे.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हुकुमात सक्ती नको म्हटले, तरी एवढे प्रचंड काम लोकांच्या पाठीवरच झाले. ७५७ साली राजाविरुद्धच्या कटात पकडलेल्या ताचिबाना नो नारामारो या सरदाराने, तोदाइजीच्या बांधकामाने जनता हैराण झाली, हे आपले एक कारण सांगितले. हुकूम चांगला असणे वेगळे आणि वसुली करणाऱ्याचा हात हलका असणे वेगळे. हे मी स्वतःवरून सांगतो.

पुढे ११८० साली आणि १५६७ साली लढायांत विहार जळाला. पहिल्या वेळी एकसष्ट वर्षांचे भिक्खू चोगेन निधीसाठी देशभर फिरले. त्यांनीच १२०२ साली ग्योकींचे सायामा तळेही पुन्हा दुरुस्त केले. दुसऱ्या वेळी मूर्ती शंभराहून अधिक वर्षे पावसापाण्यात उघड्यावर बसून होती. मग कोकेई नावाच्या भिक्खूंनी पुन्हा दारोदार वर्गणी मागितली आणि १७०९ साली आजचे सभागृह पूर्ण झाले. पहिल्यापेक्षा ते बरेच अरुंद आहे, तरी ५७ मीटर रुंद भरते. म्हणून या मूर्तीचे मस्तक एका काळचे, हात दुसऱ्या काळचे आणि खालच्या कमळाच्या काही पाकळ्या मूळच्या आहेत. ती जोडली आहे लोकांच्या वर्गणीने.

खांबातले भोक

आत एका लाकडी खांबाच्या बुंध्याला आरपार भोक आहे. ते मूर्तीच्या नाकपुडीएवढे आहे आणि त्यातून जो सरपटत पलीकडे जाईल त्याचे भले होते, असे सांगतात. मुले हसत-खिदळत जातात. त्यात खेळ आहे तोवर ठीक आहे. परंतु बाहेर परीक्षेत पास होण्याचे, अपघात टाळण्याचे ताईत विकायला मांडलेले पाहिले आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेले आमचे मन खट्टू झाले.

त्याहून मौज सभागृहाच्या दाराशी. तेथे पिंडोल भारद्वाज या अर्हताची लाकडी मूर्ती आहे. आपला जो अवयव दुखतो तोच मूर्तीचा चोळावा म्हणजे बरे वाटते, अशी समजूत आहे. विनयात कथा आहे की, चंदनाच्या पात्रासाठी चमत्कार दाखविला म्हणून तथागतांनी याच पिंडोलाची कानउघाडणी केली होती. ज्याला चमत्कार दाखविल्याबद्दल बोलणी खावी लागली त्याच्याकडेच लोक चमत्कार मागत आहेत! माझ्या पत्नीचा गुडघा दुखतो. ती म्हणाली, "गुडघ्याला डॉक्टर आहे. यांना नुसता नमस्कार करते."

विहार कोणता, देवस्थान कोणते

नवख्या माणसाचा येथे गोंधळ होतो, म्हणून ओळखायची खूण सांगतो. नावाच्या शेवटी 'जी' असेल तर ते बौद्ध विहार. दोन खांबांवर दोन आडव्या तुळया असलेली कमान दिसली की ते शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ देवतांचे स्थान. शिंतो देवस्थानात दोनदा लवून दोनदा टाळी वाजवितात व पुन्हा एकदा लवतात. विहारात टाळी वाजवायची नसते, फक्त हात जोडायचे.

७६८ साली स्थापन झालेले कासुगा ताइशा हे फुजिवारा घराण्याचे देवस्थान. झाडीतून जाणाऱ्या वाटेवर दगडी व आत काशाचे असे तीन हजारांच्या आसपास कंदील आहेत. याच घराण्याचा कोफुकुजी विहार जवळच आहे. शेकडो वर्षे देवस्थान आणि विहार एकमेकांत मिसळून गेले होते. १८६८ साली सरकारने देव व बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. त्या लाटेत कोफुकुजीची धूळधाण झाली आणि १४२६ साली बांधलेला पन्नास मीटर उंचीचा पाच मजली स्तूप विकायला निघाल्याचे सांगतात. आज तो राष्ट्रीय ठेवा आहे. राज्यकर्त्यांची मर्जी फिरली की मोठमोठे विहारही उघड्यावर येतात. लोकांचा आधार असेल तेच टिकते.

राणीचे न्हाणीघर

दुसऱ्या दिवशी शहराच्या पश्चिम भागाकडे गेलो. वाटेत होक्केजी हे भिक्खुणींचे विहार. शोमु यांची राणी कोम्यो हिने आपल्या वडिलांच्या वाड्याचे हे भिक्खुणी विहार केले. याच राणीने ७३० साली गोरगरिबांसाठी औषधालय काढले आणि अनाथ-निराधारांसाठी आश्रम चालविला. येथे वाफेचे एक न्हाणीघर दाखवितात. आजची इमारत मागाहून बांधलेली आहे. राणीने एक हजार आजाऱ्यांना स्वतःच्या हाताने न्हाऊ घालण्याचा संकल्प केला होता आणि हजारावा महारोगी निघाला, तरी ती मागे हटली नाही, अशी दंतकथा आहे. दंतकथा असो. पण लोकांनी राणीची आठवण कशासाठी ठेवली? दागिन्यांसाठी नाही. आमच्यातील भगिनी या ठिकाणी सर्वांत जास्त वेळ थांबल्या.

जवळच तोशोदाइजी आहे. चिनी भिक्खू गान्जिन यांनी जपानला येण्यासाठी पाच वेळा प्रयत्न केला. वादळे, अटक, सारे झाले. डोळे गेले. सहाव्या वेळी ७५३ साली ते पोहोचले आणि ७५९ साली त्यांनी हे विहार स्थापन केले. विनयाचे नियम शिकविण्यासाठी एक आंधळा वृद्ध समुद्र ओलांडून येतो, आणि आम्हाला रविवारी गल्ली ओलांडून विहारात जायचा कंटाळा!

लिहून उभारलेले विहार

शेवटी याकुशीजी. येथे ७५३ सालची दगडात कोरलेली बुद्धपावले आहेत. भारतातील मृगदावात एका चिनी राजदूताने काढून घेतलेला ठसा चीनला गेला आणि त्याची नक्कल होत होत तो येथे आला, असे त्या दगडावरच्या लेखात म्हटले आहे. आपल्या मातीतली पावले एवढ्या दूर पाहून मन भरून आले.

परंतु माझ्यातल्या हिशेबनिसाला जागे केले ते पुढच्या गोष्टीने. येथील मुख्य सभागृह १५२८ साली जळाले होते. ते पुन्हा बांधायचे तर पैसा प्रचंड हवा. १९६८ पासून मुख्य भिक्खू ताकादा कोइन यांनी एक वाट काढली. प्रज्ञापारमिता हृदय सूत्र, अक्षरे पावणेतीनशेच्या आसपास, प्रत्येकाने आपल्या हाताने लिहून काढावे आणि एक हजार येन द्यावे. अशी दहा लाख सूत्रे हवीत. लोक हसले असतील. पण शाळकरी मुले, गृहिणी, कामगार लिहीत राहिले. दहा लाख गुणिले हजार म्हणजे शंभर कोटी येन! १९७६ साली सभागृह उभे राहिले, १९८१ साली पश्चिमेचा स्तूपही. पैसा तर जमलाच. पण दहा लाख वेळा कोणीतरी शांत बसून धम्माचे अक्षर गिरविले, ती जमा कोणत्या वहीत लिहायची?

वर्गणी नाकारणारी माणसे

तिसऱ्या दिवशी बाकीची मंडळी खरेदीला गेली. आम्ही दोघे नारा प्रांतातच दक्षिणेला असलेल्या गोसे या गावी गेलो. तेथे जाण्याचे कारण आपल्या वाचकांना लगेच समजेल. जपानातही चामड्याचे, मेलेल्या जनावरांचे काम करणाऱ्यांना शतकानुशतके बाहेर ठेवले गेले. १८७१ साली कायद्याने तो भेद संपला, पण लग्न, नोकरी, शेजार यांत राहिला. गोसेजवळच्या काशिवाबारा वस्तीतील तरुणांनी पुढाकार घेतला आणि ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे 'सुइहेइशा', म्हणजे समपातळीवाल्यांचा संघ, स्थापन झाला. त्याचा जाहीरनामा लिहिणारे साइको मान्किची याच वस्तीतील एका विहारात जन्मले होते. आपला महाडचा सत्याग्रह झाला १९२७ साली. दोन दूरचे देश, एकमेकांची ओळख नाही, आणि वेदना एक!

भेद विहारांतही होता, हे कटू सत्य आहे. या लोकांची विहारे वेगळी, त्यांचा दर्जा खालचा, वर्गणी मात्र चोख वसूल. सुइहेइशाने स्थापनेनंतर लगेचच होंगांजी या बलाढ्य संप्रदायाच्या पूर्व व पश्चिम अशा दोन्ही मुख्यालयांना कळविले की, पुढची वीस वर्षे आमच्याकडे निधी मागू नये. जेथे मान नाही तेथे मूठभर मातीसुद्धा मिळणार नाही. १९९८ साली तेथे संग्रहालय उभे राहिले. या चळवळीची कागदपत्रे २०१६ साली युनेस्कोच्या आशियाई स्मृतिठेव्यात नोंदली गेली. नुसता बौद्ध देश असला म्हणून समता आपोआप येत नाही. ती मागावी लागते, विहारातही.

त्या संग्रहालयात उभा असताना मला पहिल्या रांगेतली रिकामी जागा दिसली. वर्गणी मागताना आपणच एका आईचा मान काढून घेतला होता.

परतल्यावर मी तिच्या घरी गेलो, माफी मागितली. ती म्हणाली, "भाऊ, पैशाचं काही नाही. पण नाव वाचलंत, तेही माईकवरून." मग कळले की विहाराची फरशी दर शनिवारी पहाटे तीच धुवत आली होती. माझ्या वहीत त्याची नोंद नव्हती, कारण तसा रकानाच नव्हता. आता वहीत 'श्रमदान' हा नवा रकाना आहे आणि त्यात पहिले नाव तिचे आहे. घरटी सक्ती समितीच्या बैठकीत रद्द झाली. "अशाने कोणी पैसा देणार नाही," असे म्हणणारेही काही आहेत. इमारत उशिरा होईल कदाचित. ती आई मात्र पुन्हा वंदनेला येऊ लागली आहे.

वाचकहो, आपापल्या विहाराची वही एकदा उघडून पाहा. तीत मूठभर मातीला जागा आहे का?

जयभीम! नमो बुद्धाय!